युज काय आहे, सर?

माझं आणि माझ्या जुन्या लॅपटॉपचं एका बाबतीत संपूर्ण एकमत होतं. सकाळी उठल्याउठल्या कुणी आपल्याकडून कामाची अपेक्षा ठेवू नये, असं आम्हां दोघांनाही मनापासून वाटायचं. बटण दाबलं की तो आधी लांबलचक सुस्कारा सोडायचा. मग आतून थोडी कुरकुर. मग पडद्यावर ठिपक्यांचं रिंगण. रिंगण सुरू झालं की मी टॉवेल घेऊन आंघोळीला जायचो. आंघोळ, चहा, चहाबरोबरची खारी आणि पेपरातल्या ‘नावात बदल’च्या जाहिरातींपर्यंतचा सगळा मजकूर संपला की यंत्र पासवर्ड मागायचं. पासवर्ड दिला की मागोमाग डेस्कटॉपचं चित्र यायचं. नवखा माणूस इथेच फसतो. चित्र आलं म्हणजे लॅपटॉप आला असं नव्हे. वर्डवर क्लिक केलं तर काही होत नसे. पुन्हा केलं तरी काही होत नसे. मग मी चिडून धडाधड क्लिक करायचो, आणि थोड्या वेळानं तो सगळ्या क्लिकांचा हिशेब एकदम चुकता करायचा. एकापाठोपाठ एक अशी वर्डची अर्धा डझन पानं पडद्यावर येऊन उभी राहायची. सगळी कोरी.

घरच्यांनी या वेळेचा फार सुरेख उपयोग करून घेतला होता. “लॅपटॉप सुरू केलायस ना? मग तोवर गिरणीतून दळण घेऊन ये,” असं बायको अगदी सहज म्हणायची. दळण झालं, इस्त्रीचे कपडे झाले, बँकेत पासबुक भरणं झालं. एखादी फाइल सेव्ह करायला लावली तर कोथिंबीर निवडून व्हायची. आणि दिवाळी अंकांचे संपादक! “सर, लेख कुठवर आलाय?” या त्यांच्या प्रश्नाला “हे काय, लॅपटॉप सुरूच करतोय,” असं माझं ठरलेलं उत्तर असे. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी सध्या लिहीत का नाही, याचं यांत्रिक कारण उपलब्ध असलेला मी कदाचित मराठीतला एकमेव लेखक असेन.

हे सुख भाचीनं घालवलं. ती हिंजवडीत कॉम्प्युटरच्याच कुठल्याशा कंपनीत असते आणि रविवारी मामीच्या हातचं जेवायला येते. तिला कसलंसं तिकीट काढायचं होतं म्हणून तिनं माझा लॅपटॉप ओढला, थोडा वेळ वाट पाहिली, मग तीन बोटांनी कुठलीशी बटणं दाबून एक तक्ता उघडला. त्यात एका रकान्यात लालभडक अक्षरांत ‘डिस्क १००%’ असं लिहिलेलं होतं. मला आनंद झाला. माझ्या घरात कुणीतरी शंभर टक्के काम करतंय याचा लेखी पुरावा प्रथमच मिळत होता.

“मामा! यात अजून हार्ड डिस्क आहे!” ती एवढ्या जोरात ओरडली की बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, “झुरळ का गं?”

मग मला शिकवणी मिळाली. लॅपटॉपच्या आत एक चकचकीत तबकडी असते. ती मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९० फेरे. तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर एक बारीकशी दांडी तरंगत असते आणि तबकडीवरचं लिखाण वाचते. आपल्या केसाची जाडी पन्नास हजार नॅनोमीटरच्या पुढे असते, हे कळल्यावर मी मांडीवरचा लॅपटॉप दोन्ही हातांनी हळूच उचलून टेबलावर ठेवला. त्यावर मी आजवर पेपरवेट, मेतकूट-भाताची ताटली आणि एकदा इस्त्री ठेवलेली होती.

“पण एवढी पळतेय, तर मग उशीर का होतो?” मी म्हणालो.

“पळावं लागतं, म्हणूनच होतो. तू बटण दाबलंस की विंडोजला हजारो बारीकसारीक गोष्टी लागतात आणि त्या तबकडीच्या हजार कोपऱ्यांत पडलेल्या असतात. दरवेळी दांडी त्या जागी न्यायची, आणि मग हवी ती जागा फिरत फिरत खाली येईपर्यंत थांबायचं. एका खेपेला पंधरा-सोळा मिलिसेकंद. सेकंदाला साठ-सत्तर खेपा झाल्या तरी डोक्यावरून पाणी. त्यात तुझी रॅम चार जीबी. ती भरली की उरलेलं सामान परत या डिस्कवरच ठेवायला येतं. त्यात अँटिव्हायरस. त्यात अपडेट.”

“आणि हल्ली हार्ड डिस्कऐवजी घालतात त्या एसएसडीत?”

“त्यात फिरणारं काही नसतंच. सगळ्या चिप. कुठल्याही कोपऱ्यातलं मागा, मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत हजर. तू आंघोळीला जाऊच शकणार नाहीस.”

हे तिनं फायदा म्हणून सांगितलं होतं.

तरीही मी काही दिवस ढकलले असते. पण १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०ची देखभाल थांबवली आणि माझा लॅपटॉप विंडोज ११च्या परीक्षेत बसायलासुद्धा पात्र नव्हता. त्याच्यात म्हणे टीपीएम २.० नव्हतं. ते कशाशी खातात हे मी विचारलं नाही. माझ्यात काय काय नाही याची यादी घरात पुरेशी लांब आहे.

नवा लॅपटॉप घ्यायचा ठरलं. पण आमच्या पुण्यात कुठलीही वस्तू अभ्यासाशिवाय घेत नाहीत. मिक्सर घ्यायचा तरी लोक आधी त्याच्या मोटरीची कुंडली पाहतात. मीही अभ्यासाला बसलो, आणि लवकरच माझ्या लक्षात आलं की लेख लिहायचा टाळण्यासाठी लॅपटॉपचा अभ्यास हा लॅपटॉप सुरू होण्याहूनही उत्तम उपाय आहे. एक तरुण दोन लॅपटॉप शेजारी ठेवून दोन्हींची बटणं एकदम दाबतो आणि एसएसडीवाला किती सेकंदांत सुरू होतो ते दाखवतो, असा एक व्हिडिओ मी रोज बघत असे. म्हणजे बघायचा प्रयत्न करत असे. नेमक्या त्याच क्षणी माझी तबकडी अडकायची आणि तो तरुण बटणावर बोट ठेवून, तोंड उघडं टाकून थिजायचा.

अभ्यासात फार उद्बोधक गोष्टी कळल्या. पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएमनं आपल्या रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर आणली. तिच्यात २४ इंची व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन एक टनाच्या आसपास होतं आणि तीत पन्नास लाख अक्षरं मावत. म्हणजे आजच्या हिशेबानं चार मेगाबाइटसुद्धा नाहीत. मी लगेच आकडेमोड केली. देवनागरीतलं एक चिन्ह सध्याच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट खातं, त्यामुळे माझा एक बेताचा लेख ५० हजार बाइटच्या घरात जातो. म्हणजे त्या एक टनात माझे पंचाहत्तर लेख बसले असते. लेखामागे तेरा-चौदा किलो. माझं लेखन वजनदार आहे असं एका समीक्षकांनी पूर्वी म्हटलं होतं, त्याला आता आधार सापडला.

एसएसडीतली ती चिप म्हणजे फ्लॅश मेमरी. तिचा हल्ली वापरला जाणारा नँड नावाचा प्रकार तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली जगापुढे मांडला. या चिपची एक खोड मला फार आवडली. तिच्यावर एकदा लिहिलेल्या जागी परत वरून लिहिता येत नाही. तिथे पुन्हा लिहायचं तर आजूबाजूचा अख्खा गठ्ठा पुसावा लागतो, म्हणून सुधारलेला मजकूर ती गुपचूप दुसऱ्याच जागी लिहिते आणि जुना मागे तसाच टाकून देते. पुसायचं नंतर, सवड मिळेल तेव्हा. माझ्या टेबलाचे खण मी याच तत्त्वावर चालवतो. मला उगीचच अव्यवस्थित म्हणतात.

अभ्यासाची बातमी सोसायटीत पसरली आणि सल्लागार येऊ लागले. वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींचा एकच मुद्दा. “जागा बघा, जागा! वेगाचं काय घेऊन बसलात? जागा एकदा गेली की गेली. तेवढ्याच पैशांत १ टीबी मिळत असेल तर ५१२ कोण घेईल?” आयुष्यभर वन-बीएचकेत काढलेल्या माणसाला हे पटवावं लागत नाही. मी लगेच बायकोला सांगितलं की १ टीबीच घेऊ, कारण त्यात माझे दोन कोटी लेख बसतील आणि रोज एक लिहिला तरी ती भरायला ५५ हजार वर्षं लागतील.

“आधी या दिवाळी अंकाचा एक पूर्ण कर,” ती म्हणाली. “मग उरलेल्यांचं बघू.”

मेहुण्याचा सल्ला वेगळा. तो कुठलीही वस्तू कधी घेऊ नये यातला तज्ज्ञ आहे. “भाऊजी, आत्ता नका हं घेऊ. दसऱ्याला सेल लागतो.” दसऱ्याला म्हणाला, “दिवाळीत अजून उतरेल.” दिवाळीत म्हणाला, “आता कशाला जुना माल उचलता? जानेवारीत नवे प्रोसेसर जाहीर होतात.” जानेवारीत जाहीर झालेले प्रोसेसर दुकानात यायला पुढे वेळ लागतो, आणि ते येईपर्यंत जूनमधल्या विद्यार्थ्यांच्या ऑफर दिसायला लागतात, आणि जूननंतर दसरा कितीसा लांब? मेहुण्याच्या पंचांगात लॅपटॉपखरेदीचा मुहूर्त बाराही महिन्यांत नाही. त्याच्या स्वतःच्या घरात लॅपटॉप नाही. तो ऑफिसचा वापरतो.

शेवटी भाचीनंच मला तपकीर गल्लीच्या बाजूला ओढत नेलं. बुधवार पेठेतल्या त्या बोळात बल्बपासून बॅटरीपर्यंत विजेवर चालणारी सगळी सृष्टी भरलेली असते आणि मधून स्कूटरी जात असतात. एका दुकानात शिरलो. काउंटरमागच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं, चेहऱ्यावरून माझं बजेट ओळखलं, आणि विचारलं, “युज काय आहे, सर?”

हा प्रश्न वरवर साधा आहे. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाला भर दुकानात, अनोळखी लोकांसमोर कुणी विचारला की आत काहीतरी हलतं. मी भाचीकडे पाहिलं.

“गेमिंग? एडिटिंग? कोडिंग?” त्यानं पर्याय दिले.

“लिहिणं,” मी म्हणालो.

“म्हणजे टायपिंग,” तो म्हणाला, आणि त्याचा हात वरच्या फळीवरून खालच्या फळीकडे गेला. पुढे प्रत्येक दुकानात हेच. “युज काय आहे?” “टायपिंग,” आणि हात खाली. शेवटच्या दुकानात मी “एडिटिंग” असं सांगून पाहिलं. हात वर गेला आणि असा लॅपटॉप खाली आला की त्याची किंमत ऐकून मी आपणहून “टायपिंग” म्हणालो.

खालच्या फळीवरचा पहिला पीस दिसायला छान होता. किंमत तर फारच छान होती. “सर, १२८ जीबी, एकदम लाइट, बॅग फ्री.”

“एसएसडी आहे?” भाचीनं विचारलं.

“फ्लॅश आहे, मॅडम.”

“ते कळलं. ईएमएमसी ना?”

मुलगा गप्प झाला. ईएमएमसी म्हणजे स्वस्तातल्या फोनमध्ये असते तसली, बोर्डवर कायमची डकवलेली चिप. तीही फ्लॅशच, पण धाव बेताची आणि बदलता येत नाही. मुलगा खोटं बोलला नव्हता. “लॅपटॉप सुरूच करतोय” म्हणताना मी जेवढा खरा बोलत असे तेवढाच तोही बोलला होता. मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटायला लागली.

दुसरा पीस त्यानं नुसतं झाकण उचलून दाखवला. “बघा सर, स्पीड!” आणि खरोखर झाकण पुरतं उघडायच्या आत पडदा लखलखला. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो.

“तो झोपला होता,” भाची म्हणाली. “बंद करून चालू करा.”

त्यानं बंद करून चालू केला. पुन्हा लगेच.

“असं नाही. रीस्टार्ट करा.” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “विंडोज शटडाउन केलं तरी पूर्ण बंद होत नाही, मामा. फास्ट स्टार्टअपसाठी अर्धं सामान बांधून ठेवतं. खरी परीक्षा रीस्टार्टला.” पुढे संबंध गल्लीत ती अशीच हिंडली. प्रत्येक दुकानात शिरायचं आणि रीस्टार्ट करायला लावायचं. आम्ही आत आलो की मुलं चार्जर लपवायला लागली.

ती विचारायची ते प्रश्न मला अर्धेमुर्धेच कळत. साटा की एनव्हीएमई? जेन थ्री की फोर? रॅम सोल्डर केलेली आहे का? दुसरा स्लॉट रिकामा आहे का? एम-टूचा स्लॉट असला म्हणजे आत एनव्हीएमईच असते असं नाही, दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी, हेही तिनं एका दुकानदाराला ऐकवलं. वाटेत लिंबूसरबत पिताना तिनं मला फरक समजावून सांगितला. तबकडीवाल्या डिस्कचा वेग सेकंदाला साधारण १०० मेगाबाइट. साटाची एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते. जेन थ्रीची एनव्हीएमई साडेतीन हजार, आणि जेन फोरची सात हजार. शिवाय साटाच्या रांगेत एका वेळी ३२ कामं उभी राहू शकतात. एनव्हीएमईत चौसष्ट हजारांवर रांगा लावता येतात आणि प्रत्येक रांगेत पुन्हा चौसष्ट हजार कामं.

रांगांच्या बाबतीत मी अनुभवी आहे, पण या आकड्यानं माझीही छाती दडपली. “माझी कामं किती असतील गं?”

“एक,” ती म्हणाली. “टायपिंग.”

तरी पुढच्या दुकानातल्या मुलानं मला गाठलंच. “सर, साडेतीन हजारवाली कशाला? सात हजारवाली घ्या. डबल स्पीड.” डबल या शब्दापुढे माझं काही चालत नाही. मी पाकिटाला हात घातला तेवढ्यात भाचीनं विचारलं, “मामा, तू मिनिटाला किती शब्द टाइप करतोस?”

“पंचवीस,” मी छाती पुढे काढून सांगितलं. “सुचत असेल तर.”

तिनं फोनवर गणित केलं. मिनिटाला २५ शब्द म्हणजे सेकंदाला आठ बाइट. ती चिप सेकंदाला ७०० कोटी बाइट वाचायला तयार. दुकानातला मुलगा, त्याचा मालक आणि छत्री दुरुस्तीला आलेला एक गृहस्थ यांनी तो आकडा आळीपाळीनं पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. “तबकडीवरून कुठल्याही एसएसडीवर आलास की फरक आंधळ्यालाही कळेल,” भाची म्हणाली. “पण साडेतीन हजार आणि सात हजार यांतला फरक तुला वर्डमध्ये जन्मात दिसणार नाही. ते पैसे रॅमला घाल.”

म्हणून मग १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची साधी एनव्हीएमई, एक स्लॉट रिकामा, असा लॅपटॉप घेतला. नाव विचारू नका. त्याला नाव नाही, गाडीच्या नंबरप्लेटवर असते तशी अक्षरं आणि आकडे आहेत. बॅग फ्री मिळाली.

घरी पेढे वाटले. सेक्रेटरी पेढा तोंडात टाकून लॅपटॉपची जागा बघायला बसले आणि ताडकन उठले. “अहो, इथे ४७६ दाखवतंय!”

“५१२च आहे.”

“मग ३६ जीबी गेले कुठे?” भाचीनं समजावलं की कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, माल तेवढाच आहे. सेक्रेटरींच्या डोळ्यांत जुनी जखम उघडी पडल्याचं दिसलं. “म्हणजे ५१२ बिल्टअप आणि ४७६ कार्पेट! सगळे बिल्डर मेले एकाच माळेचे मणी!” सोसायटीच्या लेटरहेडवर कंपनीला पत्र टाकायचं त्यांनी तिथेच ठरवलं. आमच्या बिल्डरला त्यांनी घातलेल्या पत्रांचा जावक क्रमांक मी पाहिला आहे. कंपनीचं काही खरं नाही.

आणि मग नव्या लॅपटॉपसमोर मी पहिल्यांदा लिहायला बसलो.

तो भयंकर प्रसंग कसा सांगू? मी बटण दाबलं आणि चष्मा शोधायला वळलो. चष्मा नाकावर चढवून परत वळलो तर तो तयार. वर्ड उघडलेलं. पान कोरं. कर्सर एका लयीत उघडझाप करत माझ्याकडे बघतोय. ना कुरकुर, ना सुस्कारा, ना रिंगण. माझ्या आणि मराठी साहित्याच्या मध्ये आता काहीही उभं नव्हतं. मी घाईघाईनं तो बंद केला आणि परत चालू केला. पुन्हा तेच.

“सुरू झाला ना? मग लिही,” बायको म्हणाली.

“दळण आणायचं होतं ना?”

“मीच घेऊन आले. तुझी वाट बघत बसले असते तर आज पोळ्या झाल्या नसत्या.”

तेवढ्यात संपादकांचा फोन. मी सवयीनं “लॅपटॉप सुरूच...” म्हणायला लागलो, तर तिकडून आनंदाची आरोळी आली. “अरे वा, नवा घेतलात ना? वहिनी म्हणाल्या परवा. एसएसडीवाला! मग काय, आता दोन लेख द्या.” घरात फितुरी असेल तर माणूस कुठे कुठे तटबंदी करणार?

या अंधारात एक आशेचा किरण मेहुण्यानं आणला. “भाऊजी, एक लक्षात ठेवा हं,” तो फोनवर कुजबुजला. “एसएसडी लिहिल्यानं झिजते.”

मी खुर्चीतून उठलोच. हे खरं आहे, मी पडताळून पाहिलं. चिपमधला प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून परत लिहिता येतो. वाचल्यानं जवळजवळ काही होत नाही, जी झीज होते ती लिहिण्यानंच. लेखकानं लिहू नये याला इतका स्वच्छ शास्त्रीय आधार याआधी कुणी दिलेला नाही. मी दोन दिवस नुसता वाचत बसलो. यंत्राची काळजी घेत होतो. तिसऱ्या दिवशी रविवार होता, भाची आली.

“मामा, ५०० जीबीच्या कितीतरी साध्या एसएसडींनासुद्धा ३०० टीबी लिहिण्याची हमी देतात,” ती भाकरी मोडत म्हणाली. “तुझ्या हिशेबानं ६०० कोटी लेख.”

“तेवढे नाही लिहायचा तो,” बायकोनं तिला आमटी वाढता वाढता सांगितलं. एवढी खात्री माझ्याबद्दल तिनं फार क्वचित दाखवली आहे.

जुना लॅपटॉप राहिला. त्याची हार्ड डिस्क काढून केसिंगमध्ये घालून घ्यायला मी गल्लीतल्या एका रिपेअरवाल्याकडे गेलो. त्यानं मागचे स्क्रू काढले, आत फुंकर मारली, आणि कीबोर्डखालून चिवड्यातलं एक डाळं, दोन शेंगदाणे आणि चकलीचा काटेरी तुकडा काढून वर्तमानपत्रावर मांडला. मग तबकडीचा डबा बाहेर ओढून म्हणाला, “काका, इथंच एसएसडी टाकली असती ना, क्लोन मारून दिला असता. सीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत ही जुनी डिस्क बसवली असती. अजून तीन-चार वर्षं पळाला असता.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही आत्ता आलात, काका.”

भाचीला मी मुद्दाम हे ऐकवलं, तर ती म्हणाली, “पळाला असता, पण विंडोज १०वरच.” या मुलीच्या घरी लग्नाचं बघताहेत. मी मध्यस्थी करणार नाही.

आता केसिंगमधली ती जुनी डिस्क नव्या लॅपटॉपला जोडून मी सामान हलवायला बसलो. वेग फार नव्हता, त्यामुळे मन लागलं. आत ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (२)’ पासून ‘न्यू फोल्डर (१९)’ पर्यंतची वस्ती होती. ‘लेख’, ‘लेख नवा’, ‘लेख शेवटचा’, ‘लेख शेवटचा खरा’ आणि ‘लेख हाच पाठवणे’ या पाच फाइलींत एकच लेख होता आणि छापून आलेला सहावाच होता. बारशाचे व्हिडिओ होते. कुणाचं बारसं ते घरात कुणालाच सांगता येईना, तरी बाळ गोड असल्यामुळे पुसवेना. सुप्रभातची चित्रं तर इतकी, की त्या तबकडीचे ५४०० फेरे इतकी वर्षं मुख्यतः गुलाबाची फुलं आणि उगवता सूर्य हिंडवण्यात गेले असावेत. सगळं मिळून नव्या लॅपटॉपच्या कार्पेट एरियात मावणं अशक्य होतं.

“पुसून टाक,” बायको म्हणाली.

“पुसू नकोस,” भाची म्हणाली. “म्हणजे पूस, पण आधी कुठेतरी ठेव. एसएसडीवरून एकदा पुसलंस की थोड्याच वेळात ती चिप जागा खरोखरच मोकळी करते. मग परत मिळणं कठीण. आणि ती बिघडते तीही बऱ्याचदा न सांगता. तुझी ती कुरकुरणारी तबकडी निदान आधी कटकट तरी करते. बॅकअप ठेव, मामा.”

“कशावर?”

“बाहेरची हार्ड डिस्क घे एक. नुसतं साठवून ठेवायला तीच परवडते.”

“फिरणारी?”

“फिरणारी.”

मी एकटाच तपकीर गल्लीत गेलो. पहिल्याच दुकानातल्या मुलानं आधी माझ्या पाठीमागे भाची नाही ना याची खात्री करून घेतली, आणि मग प्रसन्न होऊन विचारलं, “बोला सर. हार्ड डिस्क? युज काय आहे?”

“अडगळ,” मी म्हणालो.

तो क्षणभरही थांबला नाही. त्याचा हात सरळ वरच्या फळीकडे गेला. “मग चार टीबी घ्या सर. अडगळ वाढते.”